कवडीला परत कोंबड्यांत सोडताना

आखाड संपायला आठवडा राहिला होता. पाटण तालुक्यात आमचं गाव, पावसाने उसंत म्हणून दिली नव्हती, आणि दुपारी चारच्या सुमाराला परड्यात एकदम कालवा झाला. मी धावत गेले तर एक मोकाट कुत्रं कवडीला पाठीला धरून ओढत होतं. हातात आलं ते लाकूड फेकून मारलं, त्याने तिला सोडलं आणि ती तशीच पेंढ्याच्या गंजीखाली घुसून बसली. बाहेर काढून बघितलं तर शेपटीच्या बुडापासून डाव्या पंखाखालपर्यंत कातडी फाटून मागे गेलेली, तळहाताएवढं लाल मांस उघडं, आणि ती ओरडत पण नव्हती, नुसती डोळे मिटायची आणि उघडायची.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आगं आखाड हाय, कापून तरी खाऊ. रातीत मरल ती, मग टाकूनच द्यावी लागंल." त्या निर्दयपणे म्हणत नव्हत्या, आमच्याकडे असंच करतात आणि त्यात चूक आहे असं मला वाटत नाही. पण कवडी म्हणजे चार वर्षांची जुनी कोंबडी, अंगावर पांढरे ठिपके म्हणून कवडी, आणि आता परड्यात फिरतात त्या तेराजणींमधल्या सहा तिनेच २१-२१ दिवस बसून उबवून काढलेल्या. मी म्हणलं आजची रात्र बघू, जगली तर ठेवू. आत्या गप बसल्या आणि थोड्या वेळाने स्वतःच चुलीवर पाणी तापवून घेऊन आल्या.

जखमेचं थोडक्यात सांगते. लिटरभर उकळलेलं पाणी कोमट करून त्यात दीड छोटा चमचा मीठ, त्याने धुतलं, भोवतीची पिसं कात्रीने कापली म्हणजे ती जखमेत चिकटत नाहीत, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावलं. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले, टाके घालण्यासारखं नाही म्हणाले, आतून भरून येऊ दे, पाच दिवसांचं औषध दिलं आणि ते चालू असताना आणि नंतर सांगतो तेवढे दिवस अंडं खायचं नाही असं बजावलं. अंडं कसलं, तिने तर त्या दिवसापासून घालायचंच बंद केलं. पावसाळ्यात सगळ्यात मोठी भीती माशीची, जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या वळवळायला लागतात. तिसऱ्या दिवशी मला पिसांच्या मुळाशी ती पांढरी बारीक अंडी दिसलीच, चिमट्याने एकेक काढली आणि तिथून पुढे तंबाट्याच्या क्रेटवर मच्छरदाणीचं कापड घालूनच तिला पडवीत ठेवलं. खायला भिजवलेली बाजरी, तांदळाच्या कण्या आणि रोज अर्धं उकडलेलं अंडं. तुरा पांढरट पडला होता तो दहाव्या दिवसापासून परत लालसर व्हायला लागला. तोलकाट्यावर ठेवली तर १ किलो १०० ग्रॅम भरली होती ती तीन आठवड्यांत १ किलो ३०० वर आली. जखमेवर गुलाबी नवी कातडी धरली. मला वाटलं झालं आता, सुटलो.

राखी पौर्णिमेला माझा भाऊ येऊन गेला आणि त्याच दुपारी मी कवडीला उचलून सरळ परड्यात सोडलं, बाकीच्यांना दाणे टाकायची वेळ होती म्हणून, सगळ्या खाण्याच्या नादात असतील, कुणाचं लक्ष जाणार नाही असा माझा हिशोब. बावीस दिवस ती बाहेर होती पण घरचीच कोंबडी, सगळ्यांना ओळखणारी, असंच माझ्या डोक्यात होतं.

पहिल्यांदा पाटलीण आली. पाटलीण म्हणजे आमची तांबडी, सगळ्यांत वरची, तिने खायच्या आधी कुणी खायचं नाही. ती मानेची पिसं फुगवून आली आणि कवडीच्या डोक्यात एक टोच मारली. इथपर्यंत ठीक होतं कारण ती तसं कुणालाही मारते. कवडी खाली वाकून बाजूला झाली असती तर कदाचित मिटलं असतं, पण कवडी आधी दोन नंबरची होती, ती उलट मान वर करून उभी राहिली. मग दोघींची उडी उडी झाली, कवडीच्या अंगात तेवढी ताकद नव्हती, ती पळाली, आणि ती पळाली की बाकीच्या सगळ्या मागे. कोपऱ्यात चुलीच्या लाकडांच्या ढिगाला तोंड खुपसून बसली आणि वरून तिघी-चौघी पाठीवर टोचतायत. सगळ्यात जास्त कोण तर कबरी. कबरी हिची स्वतःची पोर, गेल्या उन्हाळ्यातली, हिच्या पंखाखाली महिनाभर झोपलेली. कबरीच्या चोचीला रक्त बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

उचलून परत क्रेटमध्ये ठेवली. नवी कातडी दोन जागी फुटली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही कारण मागच्या वर्षीची पांढरी आठवत राहिली. तिचा पाय मुरगळला होता, आठ-दहा दिवस वेगळी ठेवली, बरी झाली म्हणून संध्याकाळी खुराड्यात घातली आणि दार लावून घेतलं. सकाळी उघडलं तर ती मेलेली, डोक्याची कातडी निघालेली. तेव्हा आम्ही मुंगसावर ढकललं होतं पण खुराड्याला कुठेच भोक नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. मी आतून मानलं नव्हतं एवढंच.

मग मी नीट विचारायला लागले, आत्यांना, वरच्या आळीतल्या बायकांना, आणि माझ्या लेकाने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. नॉर्वेचे एक संशोधक होते, थॉर्लीफ शेल्डरुप-एबे, लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचे, आणि १९२१ च्या सुमाराला त्यांनी मांडलं की कोंबड्यांच्यात कुणी कुणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते. वरची खालच्या सगळ्यांना टोचते, खालची वरच्यांना कधीच नाही, आणि प्रत्येकीला दुसरी प्रत्येकजण तोंडावरून, तुऱ्यावरून ओळखू येते. हे आपल्याकडे बायकांना न सांगता माहीत असतं, पण पुढचं मला नवीन होतं. एखादी दोन-तीन आठवडे दिसली नाही तर बाकीच्या तिला विसरल्यासारखंच वागतात, तिची जागा भरून गेलेली असते आणि ती परत आली की परकी. त्यात तिचा तुरा आजारात फिका पडून आक्रसला होता, पाठीवरची पिसं गेली होती, म्हणजे त्यांच्या नजरेला ती कवडी दिसतच नसणार. आणि लाल रंग दिसला की कोंबडी टोचतेच, मग ते तंबाटं असो नाहीतर जखम.

म्हणजे मी बावीस दिवस तिला माश्यांपासून जपलं आणि त्याच बावीस दिवसांत तिला त्यांच्या नजरेआडही केलं. क्रेट पडवीत न ठेवता पहिल्या आठवड्यानंतर परड्यात त्यांच्या समोर ठेवलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं, ही गोष्ट कुणी करणार असेल तर पहिल्यांदा ध्यानात ठेवा. अर्थात हे जखमेचं झालं. सर्दी, डोळे सुजणे, घरघर असलं काही असतं तर मी असं समोर ठेवलंच नसतं, कारण सर्दीतून उठलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते पण रोग अंगात बाळगून असते आणि बाकीच्यांना देते.

पाच दिवस परत मीठपाणी आणि औषध. तेवढ्यात एक काम केलं, तिला झूल शिवली. आमच्याकडे बेंदूर आखाडातच होतो, त्याच्या बैलाच्या झुलीचं कापड उरलं होतं, जाड आणि गर्द निळं. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ झाकेल एवढा तुकडा, आतून मऊ सुती अस्तर, पुढे दोन इलास्टिकचे फासे, त्यातून एकेक पंख बाहेर काढायचा. पहिला दिवस ती मागे मागेच चालत राहिली, ते अंगावरून उतरेल म्हणून, दुसऱ्या दिवशी विसरून गेली. एक सांगायचं म्हणजे जखम ओली असताना झूल घालायची नाही, आत ओल धरते, आणि कोरडी असली तरी दर दोन दिवसांनी काढून पंखाखाली उवा बघायच्या, कापडाच्या आत त्यांना आयती जागा मिळते.

मग यांनी जुन्या दिवाणाची चौकट पडवीतून काढली आणि तिला चारी बाजूंनी बारीक जाळी मारून दिली. ती परड्यात पेरूच्या झाडाखाली ठेवली, वर पत्रा, आणि कवडी आत. रात्री तिला पडवीत आणायची आणि उजाडलं की परत तिथे. पहिल्या दिवशी पाटलीण आणि कबरी दोघी जाळीला चोची आपटत होत्या, आवाज घरात यायचा. मी दाण्याचं घमेलं मुद्दाम जाळीला चिकटवून ठेवलं, आतून कवडी बाहेरून त्या, मध्ये जाळी. पहिल्या दिवशी कवडीने दाण्याला तोंड लावलं नाही, मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती जाळीजवळ येऊन खायला लागली. चौथ्या दिवशी बाहेरच्या तिच्याकडे बघेनाशा झाल्या, आणि त्यांचं न बघणंच मला हवं होतं.

इथे आत्यांनी सांगितलेली गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली आणि ती मी कुठे वाचलेली नाही. त्या म्हणाल्या, "एकटीला नगं घालू. येकादी गरीब बगून तिच्यासंगट ठेव आधी." आमच्यात एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी आहे, बोडक्या मानेची, सगळ्यांत खालची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला उचलून कवडीबरोबर चौकटीत घातलं. थोडंसं झालं, कवडीने तिला एकदा टोचलं, तिने मान खाली घातली, संपलं. संध्याकाळी दोघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. बावीस आणि वर सहा-आठ दिवस कवडी एकटी होती, आणि कोंबडी एकटी राहिली की तिचा आवाजच जातो, ती दिवसभराची बारीक कुरकुर चाललेली असते ना, ती बंद होते. त्या संध्याकाळी मला तो आवाज परत ऐकू आला. मी भांडी घासत होते, हात तसेच ठेवून ऐकत उभी राहिले.

दुसरं काम पाटलिणीला हलवायचं. तिला डालग्याखाली घातलं, गोठ्याच्या मागे, जिथून ती बाकीच्यांना दिसणार नाही अशा जागी. पाणी दाणे सगळं तिथे. चार-पाच दिवस. कुणी म्हणेल तिचा काय गुन्हा, गुन्हा काही नाही, पण वरची बाजूला झाली की खालच्यांना आपापसात नव्याने ठरवावं लागतं आणि त्या गडबडीत नवीन आलेलीकडे सगळ्यांचं लक्ष राहत नाही. आणि ती परत येते तेव्हा थोडी तीच नवीन असते.

आत्यांचं म्हणणं होतं की कोंबडी रात्रीचीच घालायची, सकाळी बाकीच्यांना वाटतं ही हितंच हुती. कोंबडीला अंधारात दिसत नाही हे खरं आहे आणि पिल्लं पण खुडूक कोंबडीखाली रात्रीच सरकवतात. पण पांढरीचं काय झालं ते माझ्यासमोर होतं. रात्र निभावते, घात होतो तो पहाटे, उजेड फटीतून आत आला आणि दार बंद आहे, पळायला जागा नाही. म्हणून मी ठरवलं की रात्री घालायचं पण उजाडायच्या आधी स्वतः जाऊन दार उघडायचं, त्यात एक दिवस पण चुकायचं नाही.

बैलपोळ्याची अमावस्या दोन-तीन दिवसांवर होती. त्या दिवशी आधी संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात जायच्या अर्धा तास आधी, चौकटीचं दार उघडून दोघींना बाहेर येऊ दिलं, मी उचलून काढलं नाही. परड्यात तयारी केली होती, दाण्याची चार ठिकाणं, पाण्याची तीन, म्हणजे एकीला एक जागा अडवून बसता येऊ नये. एक मोडकं दार भिंतीला तिरकं टेकवलं आणि पेंढ्याच्या दोन पेंढ्या उभ्या केल्या, मागे लपता यावं आणि दोन्हीकडून बाहेर पडता यावं अशा. एक तोंड बंद असलेला आडोसा म्हणजे सापळाच, राखीच्या दिवशी लाकडांच्या ढिगात तेच झालं होतं.

कबरी आलीच. डोक्यात एक टोच. कवडी ह्या वेळेला मान वर करून उभी नाही राहिली, वाकली आणि मोडक्या दारामागून दुसरीकडे निघून गेली. कबरी दोन पावलं मागे गेली आणि परत दाण्याकडे वळली. माझ्या हातात पोतं होतं, टाकून पकडायला, ते तसंच राहिलं. मी मनाशी ठरवलं होतं की डोक्यात एक-दोन टोच मारून सोडून दिलं तर मध्ये पडायचं नाही, ते त्यांचं बोलणं आहे, आपण मध्ये पडलो की ते अर्धवट राहतं आणि उद्या परत पहिल्यापासून. पण कोपऱ्यात दाबून धरलं, वर चढून मान ओढायला लागली किंवा रक्ताचा एक थेंब दिसला तर लगेच उचलायचं. पंधरा-वीस मिनिटांत असे पाच-सहा टोचे झाले, रक्त नाही.

कोंबड्याचा विचार मी केलाच नव्हता आणि तो करायला पाहिजे होता. त्याने किडा सापडल्यासारखं टुक-टुक करून बोलावलं, बाकीच्यांबरोबर कवडी पण गेली, आणि कबरी तिच्यावर जायला लागली तर हा मध्ये घुसला. मला त्याचं एवढं कौतुक वाटलं. पण दुसऱ्या मिनिटाला तो कवडीच्या पाठीवर चढला. त्याची नखं सरळ त्या नव्या कातडीवर! झूल नसती तर सगळं परत फाटलं असतं. झूल मी टोचण्यासाठी शिवली होती, कामाला आली ती ह्यासाठी. म्हणून परत सोडल्यावरही तीन आठवडे तरी पाठ झाकलेली ठेवा, वरून बरी दिसली तरी, आणि नवीन पिसांचे कोंब फुटत असतात तेव्हा तर जास्तच, त्या कोंबात रक्त असतं.

अंधार पडला, सगळ्या आत गेल्या, कवडी दारात घुटमळत राहिली. तिला उचलून दांडीवर शेवटच्या टोकाला ठेवलं आणि तिच्या आणि कबरीच्या मध्ये त्या तलंगीला. पावणेपाचचा गजर लावला. सकाळी बॅटरी घेऊन गेले, पाऊस भुरभुरत होता, दार उघडलं आणि पायरीवरच बसून राहिले. उजाडत गेलं तशी एकेक उतरून बाहेर आली, सगळ्यात शेवटी तलंग आणि तिच्या मागे कवडी. झूल जरा वाकडी झाली होती. बाकी काही नाही.

असे सात दिवस मी पहाटे उठले. चौथ्या दिवशी पाटलिणीला सोडलं, ते पण संध्याकाळीच. तिने पहिले कबरीला गाठलं, कारण मधल्या काळात कबरी वर चढून बसली होती, त्या दोघींचं दोन दिवस चाललं आणि कवडीला त्यांनी विचारलंच नाही. मला ह्याचीच आशा होती पण असं होईलच अशी खात्री नव्हती, त्यामुळे मी दोन दिवस परडं सोडून हलले नाही. गणपतीची सगळी तयारी, करंज्या, झाडलोट, आत्यांनी एकटीने उरकली आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट दुपारी चहा परड्यात आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "आज कितव्या ठिकाणी खातिया?"

कवडी आता दोन नंबरची नाही. ती खालून तिसरी-चौथी असेल. कबरी खात असली की ही थांबते, कबरी हलली की जाते, आणि चार घमेली आहेत तोवर तिला पोटभर मिळतं, म्हणून मी ती उचललेली नाहीत आणि उचलणार पण नाही. मला पहिल्यांदा ते बघून वाईट वाटायचं, आपल्याच पोरीसमोर वाकते म्हणून. पण एकदा गौरी घरात आल्या त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता, गोठ्याच्या वळचणीला चुलीची राख टाकते तिथे सगळ्या अंग घासत पडल्या होत्या, आणि त्यात कबरी आणि कवडी शेजारी शेजारी, दोघींचे पाय एकमेकींच्या अंगावर, डोळे मिटलेले, राख उडतेय. मी पाहुण्यांना तसंच सोडून आत्यांना हाक मारून आणलं बघायला.

अनंत चतुर्दशीनंतर झूल काढली. पाठीवर ठिपक्यांची नवी पिसं आली आहेत, एक पट्टा अजून उघडा आहे तिथे बहुतेक येणार नाहीत. परवा सकाळी पेंढ्याच्या गंजीखाली, जिथे ती त्या दिवशी घुसली होती, तिथे अंडं सापडलं, कोमट होतं. खुराड्यात घालायची सोडून तिथे का घातलं माहीत नाही. आत्या म्हणाल्या ऱ्हाऊ दे तिथंच, जागा धरलीया तिनं, आणि वरून पावसाचं पाणी येऊ नये म्हणून त्यांनी एक पत्र्याचा तुकडा आणून तिरका लावला.